सत्यान्वेषीचे जनक : शरदिंदु बंद्योपाध्याय

उत्तर कलकत्त्यातील बागबाजार या जुन्या वस्तीत ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. सन १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून आले, तेव्हा त्यांच्या स्वारांच्या धास्तीने कंपनी सरकारच्या या शहराभोवती खंदक खणावयास घेण्यात आला. तो पुरता झालाच नाही. पुढे १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. खंदक गेला, परंतु नाव राहिले. आणि बंगाली आयांच्या अंगाईगीतांत ‘बर्गी’ही राहिले. बदलीच्या नोकरीनिमित्त बागबाजारात बिऱ्हाड करणाऱ्या मराठी माणसास ही पाटी वाचताना थोडेसे ओशाळल्यासारखे होते, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

परंतु ज्या भाषेने बर्ग्यांची भीती पाळण्यापर्यंत नेली, त्याच भाषेत एका थोर लेखकाने शिवाजीमहाराजांच्या फौजेतील एका पोरक्या मराठी पोराला नायक करून बालवाचकांसाठी कथा लिहिल्या आणि त्या बंगाली मुलांनी डोक्यावर घेतल्या. त्या पोराचे नाव सदाशिव. त्या लेखकाचे नाव शरदिंदु बंद्योपाध्याय. महाराष्ट्रात त्यांची ओळख सांगावयाची तर ‘व्योमकेश बक्षी’चे जनक एवढे म्हटले की पुरे, दूरदर्शनने ती सोय आपणांस करून दिली आहे. मात्र या लेखकाने आयुष्याची अखेरची बत्तीस वर्षे मुंबई आणि पुणे येथे काढली, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे वाटण्याचे कारण तेच.

शरदिंदुबाबूंचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी उत्तर प्रदेशातील जौनपूर येथे झाला. घराणे मूळचे बरानगरचे, म्हणजे बागबाजारच्या घाटावरून नदीच्या उगमाकडे तोंड करून उभे राहिले तर याच काठाने थोडे वर असलेल्या गावचे. वडील ताराभूषण हे बिहारात मुंगेर येथे वकिली करीत. त्यामुळे मुलाचे बालपण बंगालबाहेर गेले आणि प्रवासी बंगाल्याची दुहेरी दृष्टी त्यास लहानपणीच लाभली. १९१५ मध्ये मॅट्रिक होऊन ते कलकत्त्यास विद्यासागर कॉलेजात दाखल झाले. हॅरिसन रोडवरील मेसमधील त्यांचे विद्यार्थीदशेतील दिवस पुढे फार मोलाचे ठरले. चार गावचे चार धंद्यांचे बाप्ये एका छपराखाली राहतात, एकत्र जेवतात, आणि तरीही एकमेकांविषयी त्यांना काडीचीही माहिती नसते. गूढकथेला याहून उत्तम जागा कोणती? विसाव्या वर्षी त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला. पुढे त्यांनी पाटण्यास कायद्याचा अभ्यास केला, वडिलांच्या हाताखाली काही काळ वकिलीही केली. पण १९२९ मध्ये तो व्यवसाय सोडून त्यांनी लेखन हाच धंदा पत्करला. वकिलाच्या मुलाने चालती गादी सोडून कथा लिहिण्यास बसावे, हे धाडस आजही कोणी सहज करणार नाही.

१९३२ मध्ये व्योमकेश अवतरला. ‘पथेर काँटा’ ही पहिली लिहिलेली कथा, तर व्योमकेशाची आणि त्याचा मित्र अजित याची प्रथम गाठ पडते ती ‘सत्यान्वेषी’ या कथेत. बंगालीत गुन्ह्याच्या कथा त्यापूर्वीही विपुल होत्या. प्रियनाथ मुखोपाध्यायांचे ‘दारोगार दप्तर’, पाँचकडी दे यांच्या कादंबऱ्या यांनी वाचकांच्या दोन पिढ्या जागवल्या होत्या. आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांनी जे केले, त्याच जातीची ही कामगिरी. परंतु प्रतिष्ठित साहित्याच्या पंगतीत या लेखनाला पान मांडले जात नसे. शरदिंदुबाबूंनी हा पंक्तिभेद मोडला. त्यांची भाषा संस्कृताशी नाते सांगणारी, घोटीव आणि तरीही चपळ. त्यांचा नायक स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही. तो शब्द त्यास आवडत नाही. तो सत्याचा शोध घेणारा आहे. त्याच्याजवळ पिस्तुलाचा दरारा नाही की विलायती कोट नाही. धोतर नेसून, सिगारेट ओढीत, पुंटीरामने आणलेला चहा पीत तो समोरच्याचे बोलणे ऐकून घेतो. सरकारी चौकशीचे कागद वर्षानुवर्षे हाताळलेल्या प्रस्तुत लेखकास व्योमकेश विशेष जवळचा वाटतो तो याचसाठी. उत्तम चौकशी अधिकारी कमी बोलतो, जबाब पुनःपुन्हा वाचतो आणि जे कागदावर असायला हवे होते पण नाही, तिकडे लक्ष देतो.

आणखी एक विशेष. व्योमकेश वाढतो. ‘अर्थमनर्थम्’ या कथेतील प्रकरणात त्यास सत्यवती भेटते, पुढे लग्न होते, मूल होते, संसाराच्या कुरबुरी होतात. बेकर स्ट्रीटवरील शेरलॉक होम्स ब्रह्मचारीच राहिला. आपला बक्षी बाजारहाट करतो. कथांमागचे शहरही त्याच्याबरोबर वयात येते. युद्ध, काळाबाजार, दंगे, फाळणी हे सारे त्या कथांत येते, आणि ‘आदिम रिपु’मध्ये तर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचे रक्ताळलेले कलकत्ता असे उभे राहते की गुन्ह्याचा उलगडा दुय्यम वाटू लागतो.

अशा दहा कथा झाल्या आणि व्योमकेश एकाएकी थांबला. १९३८ मध्ये हिमांशू राय यांच्या बोलावण्यावरून शरदिंदुबाबू मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’मध्ये कथा-पटकथा लिहिण्यासाठी दाखल झाले. त्यांच्या ‘विषेर धोंया’ या कादंबरीवरून ‘भाभी’ हा बोलपट त्याच वर्षी निघाला. स्टुडिओ मोठा शिस्तीचा होता. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, मालक बंगाली, कामगार मराठी, बोलपटाची भाषा हिंदुस्थानी. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि ऑस्टेन यांना स्थानबद्ध करण्यात आले. १९४० मध्ये हिमांशू राय वारले. १९४१ मध्ये शरदिंदुबाबूंनी ती संस्था सोडली, तरी बोलपटांसाठी लिहिणे मात्र १९५२ पर्यंत चालू होते.

येथे एका प्रेक्षकाला प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. बंगालीतील सर्वांत सरस रहस्यकथाकार चौदा वर्षे मुंबईच्या चित्रसृष्टीत बसला होता, आणि त्या चौदा वर्षांत व्योमकेशावर एकही बोलपट निघाला नाही. याला दैवदुर्विलास म्हणावे काय? आमच्या मते त्यात फारसे नवल नाही. त्या काळच्या बोलपटाला आठ-दहा गाणी, एक विरह, एक पुनर्मीलन लागे. रहस्यकथेला लागते ती शांतता. पुस्तकात वाचक मागचे पान उलटून पाहू शकतो, संशय पडला की बोट घालून थांबू शकतो. पडद्यावरची फीत कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे पडद्यावरील रहस्य दोनच प्रकारांनी साधते. एक म्हणजे प्रेक्षकाला घाबरवून, जिना, सावली, कंदील आणि तारस्वरातील वाद्ये यांच्या साहाय्याने. हा मार्ग सोपा आणि हिंदी-मराठी चित्रपटांनी तो भरपूर तुडवला. दुसरा म्हणजे पात्रांचे चेहरे व बोलणे इतके नेमके ठेवून की प्रेक्षकाने स्वतःच मनात जबाब नोंदवावेत. हा मार्ग कठीण. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’सारखा १९६४ चा मराठी चित्रपट दोहोंचा मेळ घालतो म्हणून तो अजून पाहवतो.

१९५२ मध्ये चित्रपटाचा संबंध तोडून शरदिंदुबाबू पुण्यास स्थायिक झाले. त्यापूर्वीच, १९५१ मध्ये, ‘चित्रचोर’ ही कथा लिहून त्यांनी व्योमकेशाला परत आणले होते. कलकत्त्याच्या एका भेटीत स्नेह्यांच्या घरच्या मुलांनी व्योमकेशाविषयी हट्ट धरला आणि लेखकास कळले की इतक्या वर्षांनीही आपला मानसपुत्र कोणी विसरलेले नाही. त्यानंतरची अठरा-एकोणीस वर्षे हा त्यांच्या लेखणीचा सुवर्णकाळ होय. व्योमकेशाच्या पूर्ण झालेल्या बत्तीस कथांपैकी बहुतेक याच काळातील. ‘तुंगभद्रार तीरे’ ही विजयनगरावरील कादंबरी पुण्यातच लिहिली गेली आणि तिला १९६७ चा रवींद्र पुरस्कार मिळाला. सदाशिवाच्या शिवकालीन कथाही येथल्याच. सह्याद्रीचे कडे, घोड्यांच्या टापा, भाकरीची शिदोरी हे सारे डोळ्यांसमोर असल्याखेरीज तसे लिहिता येत नाही. आणि ‘शैलरहस्य’ ही कथा तर मराठी वाचकाने अवश्य मिळवून वाचावी. तीत व्योमकेश कामानिमित्त पुण्यास येतो, ऐन थंडीत ओस पडलेल्या महाबळेश्वरी एका हॉटेलात मुक्काम करतो, आणि तेथे घडले ते अजितला कलकत्त्यास पत्राने कळवितो. कथेत भुताचा अंश आहे. तर्कनिष्ठ व्योमकेशाची त्यामुळे झालेली पंचाईत लेखकाने मोठ्या मिस्कीलपणे रंगविली आहे. पुढचे सांगणे शिष्टाचारास धरून होणार नाही.

परप्रांतात राहून आपल्या भाषेत लिहिणाऱ्या माणसाचे एकटेपण कसे असते, हे आपल्यासारख्या कलकत्तावासी मराठी मंडळींना वेगळे समजावून देण्याची गरज नाही. आपण येथे जसे गणपती बसवितो, दिवाळी अंकांची वाट पाहतो, तसे ते तेथे बंगाली पूजाविशेषांकांसाठी लिहीत राहिले. त्यांनी महाराष्ट्र पाहिला, समजून घेतला, आपल्या साहित्यात आणला. त्या अठरा वर्षांत पुण्याच्या मराठी वाचकवर्गाने त्यांना तितकेच समजून घेतले असे मात्र म्हणवत नाही. हा दोष एकट्या पुण्याचा नव्हे. आपण बागबाजारात राहून गिरीशचंद्र घोषांच्या घरावरून रोज जातो आणि त्यांचे एकही नाटक वाचलेले नसते.

व्योमकेश पडद्यावर आला तो १९६७ मध्ये, ‘चिडियाखाना’ या चित्रपटातून. दिग्दर्शक सत्यजित राय आणि व्योमकेशाच्या भूमिकेत उत्तमकुमार! दोघांनाही त्यासाठी राष्ट्रीय पारितोषिके मिळाली (उत्तमकुमारांना ‘अँटनी फिरंगी’सह). तरीही, मोठ्यांविषयी आदर ठेवून, आमचे मत थोडे निराळे आहे. चित्रपटातील व्योमकेश अजगर पाळतो, जपानी माणसाचे सोंग घेतो. मूळ व्योमकेशाला असल्या विचित्रपणाची गरज नव्हती, त्याचे साधेपण हेच त्याचे सोंग होते. शिवाय उत्तमकुमारांचा चेहरा बंगालला इतका ओळखीचा, की कोपऱ्यात बसून इतरांना पाहणारा माणूस म्हणून तो नजरेआड होऊच शकत नाही. खुद्द राय यांनाही हा चित्रपट आपल्या उत्तम कृतींपैकी वाटत नसे. गुलाब कॉलनीतील तुटलेल्या माणसांचे वातावरण मात्र त्यांनी सुरेख पकडले आहे, हे मान्य केले पाहिजे. शरदिंदुबाबूंच्या हयातीत पडद्यावर आलेला व्योमकेश एवढाच. २२ सप्टेंबर १९७० रोजी ते निवर्तले.

त्यांच्या मागे तेवीस वर्षांनी, १९९३ मध्ये, बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी ‘व्योमकेश बक्षी’ मालिका केली. तिचे दुसरे पर्व १९९७ मध्ये आले. रजित कपूर व्योमकेश, के. के. रैना अजित, आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी. पैसा बेताचा, खोल्या साध्या, भाषा हिंदी, आणि तरीही मूळ कथेचा आत्मा जसाच्या तसा! रजित कपूर यांनी ऐकण्याचा अभिनय केला. बोलणाऱ्याकडे ते असे पाहतात की खोटे बोलणारा अडखळावा. संशयितांना आपापले म्हणणे पुरते मांडू दिले जाते, पार्श्वसंगीत मध्ये ओरडत नाही. पडद्यावरील रहस्याचा जो कठीण मार्ग वर सांगितला, तो आमच्या पाहण्यात याच मालिकेने सर्वांत प्रामाणिकपणे चोखाळला. त्यानंतर व्योमकेश अनेकांनी केला. बंगाली चित्रपट निघाले, मालिका निघाल्या. २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जी यांनी १९४३ चे युद्धकालीन कलकत्ता उभारून सुशांतसिंह राजपूत यांना घेऊन हिंदी चित्रपट काढला. त्यातील ट्रॅम, पाट्या, ब्लॅकआउटच्या रात्री पाहून डोळे निवतात. परंतु रक्ताचे पाट आणि कर्कश वाद्ये यांत कथेचा धागा हरवतो. हल्ली प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकाला कड्यावर लटकत ठेवण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयीही हेच म्हणता येईल. उत्कंठा आणि घाबरगुंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अखेरच्या कथांत शरदिंदुबाबूंनी अजितकडून निवेदन काढून घेतले होते. ‘शजारुर काँटा’सारखी दीर्घ कथा लेखक स्वतःच सांगतो. सत्तरीच्या घरातला सिद्धहस्त लेखक आपली चालती शैली मोडून नवी रीत आजमावीत होता, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांनी शेवटी हाती घेतलेली कथा ‘विशुपाल वध’. कलकत्त्यातील एका रंगभूमीवर ‘कीचकवध’ नाटकाचा प्रयोग चालू असताना प्रमुख नट खरोखरच मरण पावतो. कीचकवध म्हटले की मराठी माणसास खाडिलकर आणि १९१० मधील सरकारी बंदी आठवते. बंगाली रंगभूमीवरचा हा कीचक वेगळा. व्योमकेश स्वतः प्रेक्षकांत बसलेला आहे. पोलीस येतात, जबाब सुरू होतात, एकेक नट रंग पुसून समोर येऊन बसतो, आणि तेथेच हस्तलिखित संपते. बंगाली संग्रहांत ती कथा सर्वांत शेवटी, आहे तशी अपुरी छापलेली असते.