पुरातून वाचलेल्या कुत्र्यांनी खाणं सोडलं आणि पावलोव्हला भीतीचं गणित उलगडलं

डी.एड., बी.एड. केलेल्या किंवा टीईटीचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही इव्हान पावलोव्ह हे नाव विचारा. अभिजात अभिसंधान, घंटी, कुत्रा, लाळ. विषय संपला, मार्क पक्के.

पण हा माणूस त्या घंटीपेक्षा बराच मोठा आहे. आज घरातला कुत्रा दिवाळीत पलंगाखाली का जाऊन बसतो, गाडीत बसवलं की का थरथरतो, डॉक्टरांच्या दारातच का अडून बसतो, या प्रश्नांची उत्तरं शोधताना जगभरचे पशुवैद्य आणि ट्रेनर फिरून फिरून पावलोव्हपाशीच येतात. गंमत म्हणजे कुत्र्याच्या मनाबद्दल बोलायला या माणसाचा सक्त विरोध होता.

पावलोव्हचा जन्म १८४९ चा, रशियातल्या र्याझान शहरातला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. लहानपणी उंचावरून दगडी फरशीवर पडल्यामुळे तो बराच काळ आजारी होता, त्यामुळे शाळेत गेला तोच अकराव्या वर्षी. घरच्या रिवाजाप्रमाणे त्यानेही धर्मगुरूच व्हायचं होतं. पण धर्मशाळेत शिकता शिकता त्याच्या हातात सेचेनोव्ह या शरीरशास्त्रज्ञाचं मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचं पुस्तक पडलं आणि गडी फिरला. १८७० मध्ये त्याने थेट सेंट पीटर्सबर्गचं विद्यापीठ गाठलं.

पुढची वीस वर्षं शिक्षण, लग्न, जर्मनीतलं संशोधन आणि पैशांची चणचण यात गेली. १८९० च्या सुमारास त्याला पीटर्सबर्गमध्ये प्राध्यापकी मिळाली, नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत स्वतःची प्रयोगशाळाही मिळाली. तिथे कुत्रे आले.

त्या काळी प्राण्यावर प्रयोग म्हणजे टेबलावर बांधायचं, कापायचं, बघायचं आणि प्राणी तिथेच मरायचा. पावलोव्हचं म्हणणं होतं की वेदनेत तडफडणाऱ्या प्राण्याचं पोट नेहमीसारखं चालतच नाही, मग त्यातून कळणार काय? म्हणून त्याने कुत्र्यांसाठी माणसांच्या दवाखान्यासारखी स्वच्छ ऑपरेशनची खोली केली. ऑपरेशननंतर कुत्रा बरा व्हायचा, वर्षानुवर्षं जगायचा, आणि पोटातला रस बाहेर आणणाऱ्या नळीतून रोज मोजमाप चालायचं. अशा अवघड ऑपरेशनमधून नीट वाचलेल्या एका कुत्र्याचं नाव होतं द्रुझोक, म्हणजे छोटा दोस्त.

दोस्त म्हटलं तरी आजच्या नजरेने हे सगळं क्रूरच होतं. काही कुत्र्यांच्या गळ्यात छिद्र असायचं. खाल्लेलं पोटात न जाता बाहेर पडायचं, जठररस मात्र वाहत राहायचा. तो गाळून अपचनावरचं औषध म्हणून विकलाही जायचा आणि त्या पैशातून प्रयोगशाळेला हातभार लागायचा. १९१२ मध्ये पावलोव्ह केंब्रिजची मानद पदवी घ्यायला गेला, तेव्हा तिथल्या पोरांनी वरच्या गॅलरीतून नळ्या खोचलेला खेळण्यातला कुत्रा दोरीने त्याच्यासमोर सोडला होता.

पचनाच्या याच कामासाठी त्याला १९०४ चं नोबेल मिळालं. म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या त्या लाळेसाठी नोबेल मिळालेलंच नाही.

लाळेचं प्रकरण सुरू झालं ते कामात आलेल्या अडथळ्यातून. खाणं तोंडात पडायच्या आधीच, नुसतं भांडं दिसलं किंवा खाणं देणाऱ्याच्या पावलांचा आवाज आला तरी कुत्र्यांना लाळ सुटायची. मोजमाप बिघडायचं. स्नार्स्की नावाच्या सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की कुत्र्याला आठवतं, त्याला इच्छा होते, म्हणून लाळ सुटते. पावलोव्हला हे पटेना. कुत्र्याला काय वाटतं हे दिसत नाही, लाळेचे थेंब मोजता येतात, तर मग थेंबच मोजा, हा त्याचा हट्ट. दोघांचे रस्ते वेगळे झाले. कुत्र्याला वाटलं, कुत्रा समजला असले शब्द प्रयोगशाळेत वापरले तर दंड व्हायचा, असंही सांगतात.

घंटी त्याने वापरली, नाही असं नाही. पण जास्त भर मेट्रोनोमची टिकटिक, बझर, दिवा, अंगावर हलका स्पर्श अशा गोष्टींवर होता. आधी टिकटिक, मग खाणं. असं वारंवार झालं की नुसत्या टिकटिकीला लाळ. क्रम उलटा केला, म्हणजे आधी खाणं आणि मग टिकटिक, तर मात्र नातं जवळपास जुळतच नाही. कुत्रा पाळणाऱ्यांनी ही गोष्ट डोक्यात ठेवावी, पुढे कामाला येणार आहे.

मग येरोफेयेव्हा या सहकारी बाईंनी एक अजब प्रयोग केला. कुत्र्याला विजेचा सौम्य झटका द्यायचा आणि लगेच खाणं. झटका हळूहळू वाढवत नेला. काही काळाने तोच कुत्रा जोरदार झटका बसल्यावर ओरडायच्या, चावायच्या ऐवजी शेपूट हलवत खाण्याच्या दिशेने मान वळवायचा आणि जिभल्या चाटायचा. ज्याची भीती वाटायची, तीच गोष्ट आनंदाची बातमी झाली होती. पण झटक्याची जागा अंगावर बदलत गेले, तेव्हा एका टप्प्यावर कुत्रा कोलमडला आणि सगळं शिकलेलं गेलं.

असाच दुसरा प्रयोग शेंगर-क्रेस्तोव्हनिकोव्हा यांचा, १९१४ च्या सुमाराचा. पडद्यावर वर्तुळ दिसलं की खाणं, लंबवर्तुळ दिसलं की काही नाही. कुत्रा हे झटकन शिकला. मग लंबवर्तुळ थोडं थोडं गोल करत नेलं. दोन अक्षांचं प्रमाण ९:८ झालं आणि कुत्र्याला फरक ओळखता येईना. तीन आठवडे रेटलं, तर सुधारणा सोडाच, एरवी शांत असलेला तो कुत्रा किंचाळायला लागला, अंग झटकायला लागला, उपकरणं दातांनी तोडायला लागला. सोपा फरकही त्याला येईनासा झाला.

इथे त्याला कुणी मारलं नव्हतं, उपाशीही ठेवलं नव्हतं. फक्त नियम कळेनासा झाला होता. घरात एक जण सोफ्यावर बोलावतो, दुसरा त्याच सोफ्यावरून हाकलतो, आज उडी मारली की लाड आणि उद्या पाहुण्यांसमोर तीच उडी मारली की फटका, असं चालू असेल तर त्या घरातल्या कुत्र्याचीही वर्तुळ-लंबवर्तुळाची परीक्षाच चालू असते.

आणखी एका कुत्र्याची कथा पावलोव्हने १९१७ मध्ये मांडली. तब्येतीने उत्तम, स्वभावाने प्रेमळ, पण प्रयोगाच्या स्टँडवर पट्ट्यांत अडकवलं की नुसती धडपड आणि सतत गळणारी लाळ. आधी सगळ्यांनी दुसरीच कारणं शोधली. शेवटी निष्कर्ष निघाला की याला बांधलेलंच सहन होत नाही. पावलोव्हने याला नाव दिलं स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया. मग रोजचं जेवण फक्त त्या स्टँडवरच द्यायचं, असं कित्येक महिने केल्यावर तो निवळला.

मधल्या काळात क्रांती झाली, यादवी युद्ध झालं, प्रयोगशाळेत माणसं आणि कुत्रे दोघंही उपाशी राहिले. पावलोव्ह नव्या सत्तेवर उघड टीका करायचा, तरी १९२१ मध्ये लेनिनने खास आदेश काढून त्याच्या कामाची आणि शिध्याची सोय केली.

आणि मग आला २३ सप्टेंबर १९२४.

त्या दिवशी वादळाने समुद्राचं पाणी नेवा नदीत उलटं लोटलं आणि लेनिनग्राड बुडालं. पावलोव्हच्या कुत्र्यांची घरं पाण्याखाली जायला लागली. कर्मचाऱ्यांनी कुत्र्यांना थोडे थोडे करत पाण्यातून पोहवत मुख्य इमारतीत नेलं आणि वरच्या मजल्यावर एकत्र कोंबलं. एरवी एकमेकांवर गुरगुरणारे हे कुत्रे त्या दिवशी गप्प होते. भांडण नाही, भुंकणं नाही.

पाणी ओसरलं. बरेच कुत्रे पूर्ववत झाले. काही मात्र झाले नाहीत. त्यातल्या एकाकडे स्पेरान्स्की या सहकाऱ्याचं लक्ष गेलं. पुराआधी अगदी घड्याळासारखा चालणारा हा कुत्रा आता कुठल्याही खुणेला लाळ गाळेना, समोर ठेवलेलं खाणंही तोंडात घेईना. पोटात, आतड्यात काही बिघाड नव्हता.

मग एक साधी गोष्ट करून पाहिली. एरवी प्रयोग करणारा खोलीच्या बाहेर आणि कुत्रा आत एकटा, अशी पद्धत होती. आता स्पेरान्स्की त्याच्यासोबत खोलीत बसला. कुत्रा खायला लागला, जुन्या खुणा परत चालू झाल्या. माणूस बाहेर गेला की पुन्हा बंद. पुढे नुसते त्याचे कपडे कुत्र्याला दिसणार नाहीत असे खोलीत ठेवले, तर त्यांच्या वासानेही फरक पडला. हळूहळू कुत्रा एकटा राहू लागला.

जुन्या खुणांपैकी एक होती मोठ्या आवाजाची घंटी. पुराआधी तिलाच सगळ्यात जास्त लाळ सुटायची. आता तीच त्याला सोसेना, ती वाजली की बाकीचं सगळंही बिघडायचं.

पुढे कुत्रा ठीक झाल्यासारखा वाटल्यावर खोलीच्या दाराखालून थोडं पाणी आत सोडलं. फक्त एक ओघळ. कुत्रा ताडकन उठला, जमिनीकडे बघत धापा टाकायला लागला, स्टँडवरून उतरायची धडपड करायला लागला. सगळी मेहनत एका ओघळात वाहून गेली.

भीती गेली असं वाटलं तरी ती पुसली जात नाही, दबून राहते, हे पावलोव्हला लाळेच्या प्रयोगांतही दिसलं होतं. टिकटिकीनंतर खाणं देणं बंद केलं की लाळ थांबते, पण मध्ये विश्रांती गेली की आपोआप परत येते. गेल्या दिवाळीनंतर अकरा महिने मजेत राहिलेला कुत्रा पहिल्या लवंगीला पुन्हा पलंगाखाली का जातो, याचं उत्तर इथे आहे. तो नाटक करत नसतो, आणि म्हणून त्याच्यावर ओरडून उपयोगही नसतो. ओरडण्याने फटाक्याच्या जोडीला आणखी एक वाईट गोष्ट येते, इतकंच.

आजचे तज्ज्ञ यावर जो उपाय सांगतात, त्यात येरोफेयेव्हांच्या प्रयोगाचाच धागा आहे, फक्त झटका वगळून. फटाक्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज इतका बारीक लावायचा की कुत्रा कान टवकारेल पण घाबरणार नाही. आवाजानंतर लगेच त्याचा सगळ्यात आवडता खाऊ. आधी आवाज, मग खाऊ, उलटं नाही. आवाज वाढवायचा तो कित्येक दिवसांत, आणि कुत्र्याने खाणं थांबवलं तर एक पायरी खाली यायचं. हे दिवाळीच्या आदल्या दिवशी सुरू करून भागत नाही, गणपतीच्याही आधी हात घालावा लागतो. ऐन फटाक्यांत जमेल ते एकच, आणि तेही स्पेरान्स्कीने केलेलंच: शेजारी बसून राहायचं. भीती फारच असेल तर पशुवैद्य औषध देतात. पावलोव्हही अशा कुत्र्यांना विश्रांती आणि ब्रोमाइड द्यायचा. नाजूक स्वभावाच्या कुत्र्याला त्याचा फार कमी डोस लागतो, हे त्याच्या गटाला अनुभवातून कळलं होतं.

स्वभाव हा पावलोव्हचा म्हातारपणीचा विषय. कुत्र्यांचे तापट, आनंदी, थंड आणि भित्रा असे चार प्रकार त्याने जुन्या ग्रीक वैद्यकातून उचलले होते, आणि भित्रेपणा बराचसा जन्मजात असावा असं त्याला वाटायचं. मग त्याच्याच दोन सहकाऱ्यांनी पिल्लांचे दोन गट केले. एक गट मोकळा वाढवला, दुसरा पिंजऱ्यात. पिंजऱ्यातली पिल्लं मोठी झाल्यावर जरा काही नवं दिसलं की जमिनीला चिकटायची, आणि ही सवय सहज सुटत नव्हती. भित्रा कुत्रा घडवताही येतो, हे पावलोव्हने मान्य केलं. लेनिनग्राडजवळच्या कोल्तुशी गावात त्याने उभारलेल्या मोठ्या केंद्रात जन्मजात काय आणि संगोपनाचं काय, हाच शोध चालू राहिला. पिल्लाला पहिले काही महिने माणसं, आवाज, रस्ते, रिक्षा हे सगळं सौम्यपणे दाखवा असं आज का सांगतात, त्याच्या मुळांपैकी एक या पिंजऱ्यांत आहे.

१९३५ च्या ऑगस्टमध्ये लेनिनग्राडला शरीरशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली. त्याच निमित्ताने पावलोव्हच्या पुढाकाराने त्याच्या संस्थेच्या बागेत कुत्र्याचा पुतळा असलेलं कारंजं उभं राहिलं. खालच्या चौथऱ्यावर प्रयोगशाळेतली दृश्यं कोरलेली आहेत आणि मजकूर पावलोव्हचा आहे. त्यात कुत्र्याचे उपकार मानताना त्याने भाषा वापरली ती माणसाच्या दोस्ताची.

पुढच्या वर्षी, २७ फेब्रुवारी १९३६ ला, न्यूमोनियाने वयाच्या ८६ व्या वर्षी पावलोव्ह गेला. पुतळा अजून तिथेच आहे.