मणका सरकला, ही भीती कुठून आली? : डी. डी. पामर

कायरोप्रॅक्टिकचे जनक डॅनियल डेव्हिड पामर १८४५ साली कॅनडात जन्मले. १८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्टला त्यांनी हार्वी लिलार्ड या कामगाराचा मणका दाबून बहिरेपणा घालवल्याचा दावा केला. बहुतेक आजार सरकलेल्या मणक्यामुळे होतात, हे त्यांचे मत विज्ञानाने स्वीकारले नाही. १९०६ मध्ये परवान्याविना उपचार केल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. १९१३ मध्ये ते टायफॉइडने, म्हणजे जंतूंच्या आजाराने वारले.

भुसावळला माझ्याकडेही मान कडकडवून घेतल्यावर मुंग्या आल्या की मणका सरकल्याच्या धास्तीने रुग्ण येतात. घाबरून श्वास जलद झाला तरी मुंग्या येतात. मधुमेह, बी-१२ची कमतरता हीही कारणे असतात. एकदा तपासून घ्या, मग सारखे चाचपत बसू नका. मात्र हातापायातली शक्ती कमी होणे, मान किंवा डोके अचानक खूप दुखणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, यांपैकी काहीही झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठा.