चुल्लपंथक थेर : ‘ढ’ ठरवला गेलेला अर्हंत

विहारात आपण बुद्धवंदना घेतो, धम्मपदाच्या गाथा म्हणतो. त्यातल्या अप्पमाद वग्गातली २५ वी गाथा ज्यांच्या निमित्ताने सांगितली गेली असे परंपरा मानते, त्या भिक्खूंना स्वतःला मात्र ४ महिन्यांत एक गाथा पाठ झाली नव्हती. त्यांचे नाव चुल्लपंथक थेर. सुमारे २५०० वर्षांपूर्वीचे हे जीवन आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत; कारण ‘मला काही जमत नाही’ म्हणून कोपऱ्यात बसणारे कुणीतरी आपल्याही घरात असते.

अट्ठकथेत त्यांची हकिकत आली आहे. राजगृहातल्या एका श्रेष्ठीची मुलगी घरातल्याच नोकराबरोबर निघून गेली. बाळंतपणासाठी माहेरी जाताना वाटेतच तिला मुलगा झाला. दुसऱ्या खेपेलाही तसेच घडले. पंथ म्हणजे वाट. म्हणून थोरला महापंथक आणि धाकटा चुल्लपंथक. पुढे आजी-आजोबांनी लेक-जावयाला घरात घेतले नाही, पण नातवंडांना ठेवून घेतले.

आजोबांबरोबर महापंथक भगवंतांचा उपदेश ऐकायला जाऊ लागला, भिक्खू झाला, अर्हंतपदाला पोचला. आपल्याला मिळाले ते धाकट्यालाही मिळावे, या मायेने त्याने भावाला संघात आणले. पण धाकट्याचे पाठांतर काही होईना. नवी ओळ शिकली की आधीची विसरायची. ४ महिने गेले, गाथा तशीच राहिली. शेवटी भावानेच त्याला विहारातून जायला सांगितले. त्याच सुमारास जीवक वैद्याने संघाला दुसऱ्या दिवसाच्या भोजनाचे आमंत्रण दिले. महापंथकाने ते सगळ्यांसाठी स्वीकारले, फक्त चुल्लपंथकाला वगळले.

इथे आम्ही महापंथकाला वाईट म्हणत नाही. त्याची माया खरी होती. पण स्वतःला जे सहज जमले तेच माप त्याने भावाला लावले.

चुल्लपंथकाने ठरवले, चीवर सोडून घरी जायचे. पहाटे तो निघाला, तर दारापाशी भगवान बुद्ध त्याच्या आधीच येऊन थांबलेले. त्यांनी विचारपूस केली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, हाताला धरून आत नेले. पुन्हा गाथा पाठ करायला लावली नाही. एक स्वच्छ फडके हातात दिले आणि पूर्वेकडे तोंड करून, मळ निघो असे म्हणत ते चोळत बसायला सांगितले. एवढेच काम.

ऊन वर आले. घामाने फडके मळले. चुल्लपंथकाच्या मनात आले, आत्ता तर हे पांढरेशुभ्र होते! म्हणजे सगळे बदलते. आणि खरा मळ तो लोभ, द्वेष, मोह यांचा. ज्याला ४ ओळी टिकवता आल्या नाहीत, त्याला अनित्यता कळली आणि तो अर्हंत झाला.

तिकडे जीवकाकडे पंगत बसली होती. जीवक दानाचे पाणी सोडू लागताच भगवंतांनी पात्रावर हात ठेवला. विहारात अजून एक भिक्खू आहे, त्याला आणल्याशिवाय पुढे नाही. बोलवायला गेलेल्या माणसाला आंबराईत १००० चुल्लपंथक दिसले, असे अट्ठकथा सांगते. हा चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी पुढची गोष्ट मोलाची आहे. जेवणानंतरचे अनुमोदनाचे प्रवचन भगवंतांनी चुल्लपंथकालाच करायला सांगितले. ज्याला सगळे ‘ढ’ समजत होते, तो भरसभेत बोलला, आणि छान बोलला. पुढे अंगुत्तर निकायातल्या अग्रश्रावकांच्या यादीत मनोमय काया निर्माण करण्यात श्रेष्ठ म्हणून त्यांचे नाव आले.

आपण काय करतो? दहावीला मुलगा राहिला की भावाचा नाहीतर शेजारच्या पोराचा दाखला देतो. नव्या सुनेला चारचौघांत बोलता आले नाही की हसतो. खचलेल्या मित्राला नुसते ‘हिंमत धर’ म्हणून वाटेला लागतो. भगवंतांनी तसे केले नाही. ते दारात जाऊन उभे राहिले, झेपेल तेवढे काम दिले, आणि जमल्यावर चारचौघांत मान दिला.

आपल्या घरातला चुल्लपंथक उंबरा ओलांडून जाण्याआधी आपण दारात असायला हवे.