होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर, १९०९ – २४ जानेवारी, १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक आणि अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष होते. भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. देशातील इलेक्ट्रॉनिक्स, संगणक आणि दळणवळणाची यंत्रसामग्री यांच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा आहे. मात्र त्याची चर्चा तुलनेने कमी होते. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथील देशातील पहिले अणुविद्युत केंद्र त्यांच्याच कारकिर्दीत मंजूर होऊन बांधकामास आले.

बालपण व शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे वकील होते, तर आत्याचा विवाह दोराबजी टाटा यांच्याशी झालेला होता. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून ते १९२७ साली केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. यांत्रिकी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास पुढे गणित शिकू देण्याचे वडिलांनी मान्य केले. १९३० साली भाभांनी ती अट पूर्ण केली आणि ते सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणास आज त्यांचेच नाव आहे. विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती त्यांनी १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासह मांडली.

१९३९ साली ते सुटीसाठी भारतात आले असताना महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग उभा केला. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा न्यासाकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेचा प्रस्ताव पाठवला. ही संस्था १९४५ साली बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईस आली.

इलेक्ट्रॉनिक्स व संगणक

विश्वकिरणांचे मापन करायचे तर गणकयंत्रे, प्रवर्धक आणि स्पंद मोजणारी मंडले लागत. ही उपकरणे परदेशातून मागवण्यापेक्षा संस्थेतच जुळवावीत, असा भाभांचा आग्रह असे. त्यातून तयार झालेल्या तंत्रज्ञांच्या गटाने पुढे मोठी कामे केली. ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भे येथे कार्यान्वित झालेल्या अप्सरा अणुभट्टीचे इंधन ब्रिटनचे होते, परंतु तिची नियंत्रण यंत्रणा ए. एस. राव यांच्या गटाने येथेच बनवली होती.

टाटा संस्थेत १९५४-५५ च्या सुमारास आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणक बांधण्याचे काम सुरू झाले. या गटातील बहुतेकांनी पूर्वी संगणक हाताळलेलाही नव्हता. १९५६ साली त्याची प्रायोगिक आवृत्ती चालू झाली व १९६० साली पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये कुलाबा येथील नव्या वास्तूच्या उद्घाटनाच्या वेळी पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि फेराइट कड्यांची स्मृती ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे जेमतेम दहा किलोबाइट साठवू शकत असे. माहिती आत जाई ती छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आणि उत्तर छापले जाई ते दूरमुद्रकावर. ही दोन्ही साधने मुळात तारायंत्राच्या जगातली होती. अक्षरांचे ठरावीक संकेतांत रूपांतर करून ते तारेवरून क्रमाने पाठवण्याची जी पद्धत तारखात्यात रुळलेली होती, तीच येथे मनुष्य आणि यंत्र यांच्यातील संभाषणास उपयोगी पडली.

टिफरॅक पूर्ण झाला तोवर जगात ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते. या टीकेत तथ्य आहे. मात्र या कामातून संगणकाची अंतर्बाह्य रचना जाणणारी पिढी तयार झाली, हेही तितकेच खरे. १९६४ साली अमेरिकेच्या साह्याने सीडीसी ३६०० हा मोठा संगणक संस्थेत आला, तेव्हा तो चालवणारी माणसे तयार होती. देशभरातील विद्यापीठे व संशोधन संस्था त्याचा वापर करू लागल्या. संगणकांची जाळी अस्तित्वात नसल्याने दूरच्या वापरकर्त्यांची आज्ञावली कार्डांच्या गठ्ठ्यांच्या रूपाने मुंबईस येई.

१९६२ च्या चीन युद्धात संदेशवहनाच्या साधनांतील उणिवा उघड झाल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. विक्रम साराभाई, एस. भगवंतम् व ए. एस. राव हे तिचे सदस्य होते. सुट्या भागांपासून दळणवळणाच्या उपकरणांपर्यंत आणि संगणकांपर्यंत देशाची पुढील दहा वर्षांची गरज या समितीने मांडली. तिचा अहवाल भाभांच्या निधनानंतर, फेब्रुवारी १९६६ मध्ये पूर्ण झाला.

तारापूर

तारापूर हे त्या काळी ठाणे जिल्ह्याच्या पालघर तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव होते. बोईसर हे पश्चिम रेल्वेवरील त्याचे जवळचे स्थानक. शीतनासाठी समुद्राचे पाणी, मुंबई व गुजरात या दोन्ही वीजबाजारपेठांचे सान्निध्य आणि कोळशाच्या खाणींपासूनचे मोठे अंतर या गोष्टी जागेच्या निवडीस अनुकूल ठरल्या. कोळसा दूरवरून वाहून आणण्यापेक्षा येथे अणुवीज परवडेल, असे भाभांचे गणित होते.

हा निर्णय वादग्रस्त ठरला. भाभांनीच मांडलेल्या त्रिस्तरीय कार्यक्रमाचा पहिला टप्पा नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवर आधारलेला होता. तारापूरच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांना मात्र समृद्ध युरेनियम लागणार होते आणि ते अमेरिकेकडूनच यायचे होते. संगणकाच्या बाबतीत आधी बांधून शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या भाभांनी येथे तयार केंद्र विकत घेतले. अणुवीज आर्थिकदृष्ट्या टिकते हे लवकर सिद्ध करणे त्यांना आवश्यक वाटत होते. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला आणि १९६४ साली जनरल इलेक्ट्रिक या कंपनीस प्रत्येकी सुमारे २०० मेगावॅटच्या दोन संचांचे काम मिळाले. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर इंधनपुरवठ्यात अडथळे आले आणि टीकाकारांची भीती खरी ठरली.

मृत्यू व नंतर

२४ जानेवारी, १९६६ रोजी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस जात असताना एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मरण पावले. भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते. ते अविवाहित होते. चित्रकला व पाश्चात्त्य संगीत यांची त्यांना विशेष आवड होती आणि टाटा संस्थेतील चित्रसंग्रह त्यांच्याच निवडीतून उभा राहिला.

१९६७ साली तुर्भे येथील केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादेस इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तुर्भे येथे विकसित झालेला टीडीसी-१२ हा संगणक तिने बाजारात आणला. टाटा संस्थेतील संगणक गटातून नरसिंहन यांच्या पुढाकाराने निघालेले केंद्र पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र झाले. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या देशातील पहिल्या शैक्षणिक संगणक जाळ्याच्या उभारणीत, आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्याबरोबर, या केंद्राचाही सहभाग होता.