विश्लेषण : मुक्या जिवाला दया येते का? मॉस्कोतल्या एका घराच्या छपरावर काय दिसले?

कवठे महांकाळच्या वाडीवस्तीवर काय किंवा राज्यात इतरत्र काय, पिकात शिरलेल्या वानरांना हुसकावणारा शेतकरीच तारेचा धक्का लागून मेलेल्या वानराच्या अंत्ययात्रेत चालतो. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या लवूळ गावात वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर, घरांवर नेऊ लागली. पिले मेली आणि वानरांच्या सूडाची बातमी देशभर गेली. तो खरेच सूड होता का, हे बाजूला ठेवू. पण आपण तो चटकन मान्य केला. मग दया का नाही? शंभर वर्षांपूर्वी नादेझ्दा लादिगिना-कोट्स या रशियन शास्त्रज्ञ बाईंना त्याचे उत्तर अनपेक्षितपणे घरातच मिळाले.

कोण होत्या नादेझ्दा?

जन्म १८८९ चा. पती अलेक्झांडर कोट्स यांनी १९०७ मध्ये मॉस्कोत डार्विन संग्रहालयाची सुरुवात केली होती. नादेझ्दा यांचे काम त्याच संग्रहालयाशी जोडलेले राहिले. १९१३ मध्ये त्यांच्याकडे जोनी हे चिंपांझीचे पिल्लू आले. (चिंपांझी म्हणजे आपले शेपटीवाले वानर नव्हे. तो बिनशेपटीचा कपी, माणसाचा फार जवळचा नातलग.) नादेझ्दा यांना तपासायची होती ती बुद्धी. एक वस्तू दाखवायची आणि तशीच दुसरी जोनीने शोधून द्यायची, ही त्यांची पद्धत पुढे अनेक प्रयोगशाळांत रुळली.

छपरावर काय घडायचे?

जोनी छपरावर चढला की उतरायचे नाव घेत नसे. हाका, दटावणी, खाऊचे आमिष, सगळे वाया. शेवटी नादेझ्दा डोळे मिटून रडण्याचे सोंग घेत. मग मात्र जोनी खेळ टाकून धावत येई. त्यांच्याभोवती फिरे, कोणी छळले म्हणून इकडेतिकडे बघे, त्यांची हनुवटी अलगद तळव्यात धरी, चेहऱ्यावर बोट फिरवी आणि मुठी आवळी. रडणे जितके केविलवाणे, तितकी त्याची कळकळ जास्त. पिल्लाच्या मायेचा असा वापर ही जरा फसवाफसवीच. पण बाईंनी ती लपवली नाही, लिहून ठेवली.

१९१६ मध्ये जोनी गेला. पुढे क्रांती झाली, यादवी झाली. १९२५ मध्ये मुलगा रुडी जन्मला तेव्हा नादेझ्दा यांनी पुन्हा वही काढली. त्याचे हसणे, रडणे, रुसणे टिपून जोनीच्या नोंदींशेजारी ठेवले. त्यातून १९३५ चा ग्रंथ झाला. भावना बऱ्याच जुळल्या, बोलणे जुळले नाही. रुडी ऐकलेले शब्द उचलू लागला. जोनीने माणसाच्या बोलण्याची नक्कल केली नव्हती. जोनी जवळपास माणूसच आहे, असे म्हणण्याच्या मोहात त्या पडल्या नाहीत.

यातून माणसाबद्दल काय कळते?

घरात वाढलेल्या एकाच पिल्लावरून सगळ्या चिंपांझींबद्दल ठाम बोलता येत नाही. पण शब्द नसलेल्या जिवालाही दुसऱ्याचे दुःख जाणवत असेल, तर दया केवळ शिकवणीतून आलेली नसावी. तिचे मूळ भाषेहून जुने असावे. आणि त्या आवळलेल्या मुठी नजरेआड करू नयेत. आपल्या माणसाचा कळवळा आणि त्याला दुखावणाऱ्यावर राग, दोन्ही जोनीत एकाच क्षणी जागे होत.

नादेझ्दा १९६३ मध्ये वारल्या. त्यांचा ग्रंथ इंग्रजीत पूर्णपणे आला तो २००२ मध्ये. त्याचे संपादन केले होते फ्रान्स द वाल यांनी, ज्यांनी कपींमधल्या सहानुभूतीचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवले.