लिलिपुटचा जनक

अकरावीला या कॉलेजात आलो आणि पहिल्याच आठवड्यात माझे बारसे झाले : लिलिपुट. उंची चार फूट दहा इंच, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार? पुढे इंग्रजी कोशात ‘लिलिपुटियन’ म्हणजे अतिशय लहान, असा अर्थ पाहिला आणि ठरवले, हा शब्द ज्याने जन्माला घातला त्या गृहस्थाला एकदा गाठायचेच.

गृहस्थ म्हणजे जोनाथन स्विफ्ट. जन्म डब्लिनचा, ३० नोव्हेंबर १६६७. वडील त्याच्या जन्मापूर्वीच वारलेले. शिक्षण चुलत्याच्या आश्रयाने. ट्रिनिटी कॉलेजची पदवी १६८६ साली मिळाली, तीही खास मेहेरबानी म्हणून! (आमच्यापैकी काहींना यातून धीर यावा.) मग सर विल्यम टेंपल यांच्याकडे चिटणिशी, पुढे धर्मोपदेशकाची दीक्षा. लंडनला तो मंत्र्यांच्या पंक्तीला बसू लागला. इंग्लंडात बिशप होण्याची आशा होती. पदरात पडले ते १७१३ साली डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचे डीनपद. त्याला ती हद्दपारीच वाटली.

मला मात्र वाटते, तो मोठा झाला तो इथेच. वुड नावाच्या इंग्रजाला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा मक्ता मिळाला होता. देश नागवला जाणार म्हणून १७२४ साली स्विफ्टने कापडाच्या दुकानदाराचे सोंग घेऊन पत्रे छापली. लेखकाचे नाव सांगणाऱ्यास सरकारने तीनशे पौंडांचे इनाम लावले. नाव साऱ्या डब्लिनला ठाऊक. सांगायला कुणी गेले नाही. पुढच्याच वर्षी मक्ता रद्द झाला.

त्याच सुमारास ‘गलिव्हर’ लिहून होत होते. ऑक्टोबर १७२६ मध्ये ते लंडनला निनावीच निघाले. लिलिपुटची माणसे सहा इंचांची, ब्रॉब्डिंगनॅगची आपल्या बारापट. शाळेत आपण गंमत म्हणून वाचतो नि सोडून देतो. पण लिलिपुटचे लोक दोरीवर नाचून दरबारात जागा मिळवतात, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढाया करतात. तो लहानपणा इंचांचा नव्हे. उलट ब्रॉब्डिंगनॅगचा राजा तोफेच्या दारूची विद्या आयती मिळत असता नाकारतो. आणि कालचा पर्वत गलिव्हर तिथे वीतभर बाहुली होऊन पेटीत राहतो!

दोन्ही नावांची इंग्रजीत विशेषणे झाली. दुसरे जिभेला जड, म्हणून मागे पडले. अजस्र म्हणायला लोक राब्लेच्या गार्गँचुआवरून आलेला ‘गार्गँचुअन’ पसंत करतात. १७३५ च्या आवृत्तीत तर गलिव्हरच्या तोंडी तक्रार आहे, की छापखान्याने चूक केली, खरे नाव ब्रॉब्डिंगरॅग. कुणी ऐकले नाही.

शेवट वाईट झाला. जिवलग स्टेला १७२८ साली गेली. चक्कर आणि बहिरेपण यांनी त्याला जन्मभर छळले. १७४२ साली कारभार सांभाळण्यास असमर्थ ठरवला गेला. १९ ऑक्टोबर १७४५ रोजी वारला. पुंजी ठेवली ती वेड्यांच्या इस्पितळासाठी. ते १७५७ साली उघडले.

परवा कँटीनमध्ये पुन्हा कुणीतरी ‘ए लिलिपुट’ म्हणून ओरडले. मी गेलो आणि त्याला विचारले, तुमच्याकडे अंडे कोणत्या टोकाने फोडतात? तो अजून विचार करतो आहे.