डॉ. जेरोम लेज्यून : न जन्मलेल्यांचा साक्षीदार

महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामाचीं जुनीं दप्तरें उघडण्याचा योग आम्हांस आला. स्नानसंस्काराच्या नोंदवहींत प्रत्येक बालकाच्या नांवापुढें जन्मतारीख आहे, संस्काराची तारीख आहे, आईबापांचीं व धर्ममातापित्यांचीं नांवें आहेत. माणसाचा हिशेब तेथून सुरू होतो. सरकारी दप्तरांतही तसेंच. परंतु ज्या मातेनें तें बालक नऊ महिने उदरांत वागविलें तिला विचारलें, तर ती हिशेब पुष्कळ आधींपासून मांडील; आणि ख्रिस्तसभाही 25 मार्च रोजीं गाब्रिएल दूताच्या निरोपाचा सण करून मगच नऊ महिन्यांनीं नाताळ साजरा करिते. मातेचा हिशेब खरा कीं दप्तराचा? कायद्यानें माणसास माणूस म्हणून कोणत्या क्षणापासून ओळखावें? गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें मोठमोठ्या देशांच्या विधिमंडळांत व न्यायालयांत या प्रश्नावर वाद माजला आहे. त्या वादांत साक्षीस उभ्या राहिलेल्या एका फ्रेंच डॉक्टराचें चरित्र आम्ही येथें वाचकांस सादर करीत आहों.

जेरोम लेज्यून यांचा जन्म पॅरिस शहरास लागून असलेल्या मोंरूज गांवीं 13 जून 1926 रोजीं झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यांचें कुटुंब एतांप येथें राहावयास गेलें. तेथें या मुलानें बालझाक या कादंबरीकाराची, खेड्यांतील गोरगरिबांची सेवा करणाऱ्या एका डॉक्टराची कथा वाचली आणि आपणही तसाच खेडेगांवचा डॉक्टर व्हावें असें त्याच्या मनानें घेतलें. परमेश्वराची योजना निराळी होती. 1951 सालीं वैद्यकीची पदवी मिळाल्यावर 1952 पासून ते प्राध्यापक रेमों त्युर्पां यांच्या हाताखालीं संशोधनास लागले. त्याच वर्षीं डेन्मार्क देशांतील एका तरुणीशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस पांच अपत्यें झालीं.

त्युर्पां यांच्या विभागांत मंदबुद्धि बालकें पुष्कळ येत. चेहऱ्याच्या विशिष्ट ठेवणीवरून त्यांपैकीं कित्येकांस युरोपांत 'मंगोल' असें हिणकस नांव पडलें होतें. 1866 सालीं या विकाराचें वर्णन करणाऱ्या जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज वैद्याच्या नांवावरून आज त्यास डाऊन विकार म्हणतात. त्याचें कारण मात्र कोणासच ठाऊक नव्हतें. कारण ठाऊक नसलें कीं दोष देणें सोपें जातें. उपदंश, दारू, घराण्याचें रक्त, अशीं नाना कारणें लोक काढीत, आणि बहुतेक वेळां बोट मातेकडे वळे. आपल्याकडेही अशा लेकराच्या आईकडे शेजारीपाजारी कोणत्या नजरेनें पाहत, हें वडीलधाऱ्यांस सांगावयास नको.

मानवी पेशींत 46 गुणसूत्रें असतात हें 1956 सालीं स्वीडनमधील लुंड येथें च्यिओ व लेव्हान या दोघांनीं दाखविलें; तोंपर्यंत 48 हा आंकडा खरा मानला जाई. पॅरिसच्या त्रूसो रुग्णालयांत मार्थ गोत्ये नांवाच्या डॉक्टरीणबाई होत्या. पेशी कांचेच्या भांड्यांत वाढविण्याची विद्या त्या अमेरिकेंत शिकून आल्या होत्या, व अगदीं तुटपुंज्या साधनांनीं त्यांनीं ती येथें उभी केली. त्यांनीं तयार केलेल्या कांचपट्ट्यांवर डाऊन विकाराच्या मुलांच्या पेशींत 46 ऐवजीं 47 गुणसूत्रें दिसलीं. ज्यास 21 वी जोडी म्हणतात तेथें दोहोंऐवजीं तीन होतीं. छायाचित्रें काढवून घेण्यासाठीं पट्ट्या लेज्यून यांनीं नेल्या. 26 जानेवारी 1959 रोजीं फ्रेंच विज्ञान अकादमीपुढें जो निबंध आला त्यावर पहिलें नांव लेज्यून यांचें, दुसरें गोत्येबाईंचें व तिसरें त्युर्पां यांचें होतें. पन्नास वर्षांनंतर, 2009 सालीं, बाईंनीं आपलें गाऱ्हाणें जाहीरपणें मांडलें, आणि 2014 सालीं फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्यसंशोधन संस्थेच्या नीतिसमितीनें या शोधांत लेज्यून यांचा वाटा सर्वांत मोठा असण्याचा संभव कमी आहे असा अभिप्राय दिला. लेज्यून यांच्या चाहत्यांस तो रुचला नाहीं. परंतु एका सत्पुरुषाचें चरित्र लिहितांना दुसऱ्याचें श्रेय गाळणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

शोधाचा पहिला लाभ मातांस झाला. विकाराचें मूळ गुणसूत्रांच्या वांटणींतील चुकींत आहे, कोणाच्या दुर्वर्तनांत नाहीं, हें सिद्ध झालें. 1962 सालीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हस्तें लेज्यून यांस पारितोषिक मिळालें. 1964 सालीं पॅरिसच्या वैद्यक विद्यालयांत त्यांच्यासाठीं अनुवंशशास्त्राचें पहिलें अध्यासन निर्माण झालें. पुढें नेकेर बालरुग्णालयांत त्यांच्याकडे हजारों मुलें येऊं लागलीं. आपल्या छोट्या रुग्णांस ते नांवानें ओळखत, असें सांगतात.

इतक्यांत नवाच प्रसंग ओढवला. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस मातेच्या उदरांतील पाणी सुईनें काढून गर्भाचीं गुणसूत्रें जन्मापूर्वींच मोजण्याची युक्ति निघाली. विकारावर औषध तर नव्हतेंच; मग 47 मोजून झाल्यावर करावयाचें काय? पुष्कळ ठिकाणीं उत्तर निघालें तें गर्भपाताचें. ज्या मोजणीनें मातेच्या माथ्यावरील कलंक पुसला, तीच लेकराच्या जिवावर उठली. लेज्यून यांच्या पुढल्या सबंध आयुष्याचें मर्म आम्हांस या एका गोष्टींत दिसतें. 1969 सालीं अमेरिकेंतील मानवी अनुवंशशास्त्राच्या संस्थेनें सॅन फ्रान्सिस्को येथें विल्यम ॲलन पदक देऊन त्यांचा गौरव केला, तेव्हां त्याच व्यासपीठावरून त्यांनीं या प्रथेविरुद्ध आवाज उठविला. यजमानांच्या घरीं पानावर बसून यजमानांची चूक काढण्यासारखेंच तें होतें. त्या दिवसापासून शास्त्रज्ञांच्या मंडळींत ते एकटे पडूं लागले.

फ्रान्समध्यें 17 जानेवारी 1975 रोजीं गर्भपाताचा कायदा झाला. तो मांडणाऱ्या आरोग्यमंत्री सिमोन व्हेल या स्वतः ऑशविट्झच्या छळछावणींतून वांचून आलेल्या होत्या. त्यांच्यापुढें चोरून गर्भपात करतांना मरणाऱ्या व अपंग होणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न खोटा नव्हता, हेंही आम्ही नमूद करितों. नवलाची गोष्ट अशी कीं, याच कायद्याच्या पहिल्या कलमांत जीविताच्या आरंभापासून प्रत्येक मनुष्यप्राण्याचा मान राखण्याची हमी आहे, व गरजेपुरता त्यास अपवाद केला आहे. तो आरंभ कोणता, हें मात्र कायद्यानें सांगितलें नाहीं. आपल्याकडे तरी निराळें काय आहे? आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें बापाच्या मृत्युसमयीं उदरांत असलेलें मूल, पुढें जिवंत जन्मल्यास, जन्मलेल्या भावंडांप्रमाणेंच वांटा घेतें. आणि 1971 च्या कायद्यानें, ठराविक कारणांसाठीं व ठराविक आठवड्यांपर्यंत, त्याच उदरस्थ मुलाचा गर्भपात करण्यास मुभा आहे. जमिनीच्या तुकड्यासाठीं जो मोजला जातो तो जिवासाठीं मोजला जात नाहीं!

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें 1973 सालीं गर्भपाताचा हक्क मान्य करितांना, जीविताचा आरंभ केव्हां होतो हा अवघड प्रश्न सोडविण्याचें आपणांस कारण नाहीं, अशी भूमिका घेतली. त्यावर गर्भधारणेपासून मनुष्यास कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति मानावें असें एक विधेयक 1981 सालीं सेनेटपुढें आलें, आणि एप्रिल महिन्यांत लेज्यून यांस वॉशिंग्टन येथें साक्षीस बोलाविलें. त्यांनीं तेथें आत्म्याचा विषय काढला नाहीं. बापाकडून 23 व आईकडून 23 गुणसूत्रें एकत्र येतांच त्या नव्या जिवाचा सबंध लेख पुरा होतो; पुढें त्यांत कोणी नवें कांहीं घालीत नाहीं, लेख फक्त उलगडत जातो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यासाठीं ते ध्वनिफितीचा दाखला देत. फितींत वाजविणारे बसलेले नसतात, तरी राग सगळा तींत असतोच. उलट बाजूनें येल विद्यापीठाचे लिओन रोझेनबर्ग यांनीं साक्ष दिली कीं, खरें मानवी जीवित केव्हां सुरू होतें हें ठरविणारा शास्त्रीय पुरावा आपल्या माहितींत नाहीं, तो प्रश्न धर्माचा व तत्त्वज्ञानाचा आहे. विधेयक संमत झालें नाहीं.

रोझेनबर्ग यांचा आक्षेप हलका नव्हे. पहिल्या सुमारें चौदा दिवसांत एका भ्रूणाचे दोन होऊन जुळीं जन्मतात. मग तोंपर्यंत तेथें एक व्यक्ति आहे असें कसें म्हणावें, असेंही विचारणारे आहेत. संत थॉमस अक्वायनस यांनीं तर ॲरिस्टॉटलला अनुसरून गर्भांत विवेकी आत्मा कांहीं काळानें येतो असें मानिलें होतें, आणि 1974 च्या रोमच्या घोषणापत्रानेंही आत्म्याच्या आगमनाचा क्षण ठरविला नाहीं. शंका असली तरी हत्येचा धोका पत्करणें पाप आहे, एवढेंच सांगितलें. तेव्हां लेज्यून न्यायालयांत धर्मसिद्धांत पढवीत होते, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. नवा मनुष्यदेह केव्हां सुरू होतो हें शास्त्र सांगूं शकतें. त्यास व्यक्ति म्हणावयाचें कीं नाहीं हें कायदा ठरवितो. पण नाहीं म्हणणाऱ्या कायद्यानें, रेघ तेथेंच कां ओढली, हें सांगावयास नको काय?

1989 च्या ऑगस्टमध्यें टेनेसी राज्यांतील मेरीव्हिल या लहानशा गांवच्या न्यायालयांतून त्यांस बोलावणें आलें. एका जोडप्यानें प्रयोगशाळेंत गर्भधारणा करविली होती व सात भ्रूण शीतपेटींत ठेविले होते. पुढें घटस्फोटाची पाळी आली. पत्नीला ते भ्रूण उदरांत घ्यावयाचे होते. पतीला इच्छेविरुद्ध बाप व्हावयाचें नव्हतें. घर, गाडी, भांडीं यांची वांटणी होते, तशी या सातांचीही करावयाची काय? प्रयोगशाळेंत मनुष्य निर्माण करण्याची ही रीत ख्रिस्तसभेस मान्य नाहीं, व लेज्यून हे सभेचे एकनिष्ठ पुत्र होते. तरी रीतीचा दोष त्या जिवांच्या माथीं येत नाहीं असें मानून ते अटलांटिक ओलांडून गेले. उणें 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्यें काळ थांबतो, जीव संपत नाहीं. थंडी उतरली कीं तो जेथें थांबला होता तेथून पुढें चालूं लागतो, असें त्यांनीं समजावून सांगितलें. डी.एन.ए.वरून माणूस ओळखण्याची अॅलेक जेफ्रीज यांची तेव्हां नवी असलेली पद्धति दाखवून, प्रत्येक भ्रूणाची ओळख पहिल्यापासून स्वतंत्र आहे असें ते म्हणाले. वस्तु आणि मनुष्य यांमध्यें तिसरी जात त्यांस मान्य नव्हती.

न्यायाधीश डेल यंग यांनीं 21 सप्टेंबर 1989 रोजीं निकाल दिला. भ्रूण हे मनुष्य आहेत, वांटणीची मालमत्ता नव्हेत, असें ठरवून त्यांनीं त्यांस मातेच्या स्वाधीन केलें. शलमोन राजाच्या दरबाराची आठवण आम्हांस येथें झाल्यावांचून राहत नाहीं. परंतु वरिष्ठ न्यायालयानें 1990 सालीं हा निकाल फिरविला. मातेनें मध्यंतरीं दुसरा विवाह केला होता. भ्रूण आतां दुसऱ्या एखाद्या अपत्यहीन जोडप्यास द्यावे, अशी तिची इच्छा होती. 1992 सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें भ्रूण हे व्यक्तिही नव्हेत, मालमत्ताही नव्हेत, विशेष आदरास पात्र अशी मधली वस्तु आहेत, असें सांगून पतीच्या बाजूनें कौल दिला, आणि लेज्यून यांच्या साक्षींत शास्त्र व धर्म यांचा घोटाळा आहे असा ताशेराही मारला. सातही भ्रूण 1993 सालीं नष्ट करण्यांत आले.

वाद मिटला नाहीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें 2022 सालीं आपला 1973 चा निकाल रद्द करून प्रश्न राज्यांकडे सोंपविला. 2024 च्या फेब्रुवारींत अलाबामा राज्याच्या न्यायालयानें शीतपेटींतील भ्रूण हीं अपमृत्यूच्या कायद्यापुरतीं मुलेंच होत असें ठरविलें. पुढच्याच महिन्यांत फ्रान्सनें गर्भपाताचें स्वातंत्र्य आपल्या घटनेंत घातलें.

लेज्यून हे 1974 पासून पोपमहाराजांच्या विज्ञान अकादमीचे सभासद होते. 13 मे 1981 रोजीं पवित्र पिता पोप जॉन पॉल दुसरे यांच्या पंक्तीस ते सपत्नीक जेवले, आणि त्याच दिवशीं सायंकाळीं पवित्र पित्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. 1994 च्या फेब्रुवारींत पवित्र पित्यांनीं जीवितविषयक अकादमी स्थापन करून तिचें पहिलें अध्यक्षपद त्यांस दिलें. तेव्हां फुप्फुसाच्या कर्करोगानें त्यांचें शरीर पोखरलें होतें. 3 एप्रिल 1994 रोजीं, पुनरुत्थानाच्या सणाच्या सकाळीं, त्यांनीं देह ठेविला. त्यानंतर चार महिन्यांच्या आंतच, जीविताच्या आरंभापासून मनुष्याचा मान राखण्याचें तें वचन फ्रान्सच्या नागरी संहितेंत घालण्यांत आलें. आरंभ कोणता हें याही वेळीं लिहिलें नाहीं. 2021 सालीं ख्रिस्तसभेनें लेज्यून यांस 'वंदनीय' ही पदवी दिली. पॅरिसच्या नैर्ऋत्येस शालो-सें-मार्स या खेड्यांत त्यांची कबर आहे. 1997 च्या ऑगस्टमध्यें युवकांच्या जागतिक मेळ्यासाठीं पॅरिसला आलेले पवित्र पिता, कार्यक्रमांतून वेळ काढून, त्या कबरीपाशीं प्रार्थनेस गेले होते.